एका दिवसात एकच पार्क, आणि तेही आजीच्या गुडघ्यांच्या हिशेबाने

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकहून सहा जण निघताय: तुम्ही दोघं, १० वर्षांची लेक, ४ वर्षांचा मुलगा, ७१ वर्षांचे सासरे (बीपीची गोळी चालू) आणि ६७ वर्षांच्या सासूबाई (गुडघे दुखतात). मे महिन्यात सहा दिवस दुबईत आहात. त्यातल्या एका दिवसात अबू धाबीला जाऊन फेरारी वर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, शेख झायेद मशीद आणि बीएपीएस या स्वामीनारायण संस्थेचं मंदिर असं चारही 'करून' परत या, असं कोणीतरी सुचवलंय. ते जमेल का, आणि आई-बाबांना पार्कमध्ये न्यावं की हॉटेलवर आराम करू द्यावा, हे तुम्ही विचारलंय.

मी १७ वर्षं टूर मॅनेजर म्हणून मराठी कुटुंबांना घेऊन आखातात जातोय. माझं उत्तर स्पष्ट आहे. चारही ठिकाणांच्या दारापर्यंत गाडी जाऊन येईल, पण आतलं काही बघून होणार नाही. एका दिवसात एकच पार्क करा. आणि आई-बाबांना घेऊनच जा, फक्त दिवसाची आखणी त्यांच्या चालण्यावरून करा, राइड्सच्या यादीवरून नको. छताखालच्या पार्कमध्ये माणसं उन्हाने दमत नाहीत. चालून, उभं राहून, एसीच्या गारठ्याने आणि वेळेचं भान सुटल्यामुळे दमतात. ही चार कारणं सांभाळलीत की बाकी सगळं आपोआप बसतं.

कुठलं पार्क?

फेरारी वर्ल्ड आणि वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड, ही दोन्ही पार्कं अबू धाबीच्या यास बेटावर आहेत आणि नकाशात अगदी शेजारी दिसतात. पण दोन्हींचा पिंड निराळा आहे. फेरारी वर्ल्ड २०१० मध्ये सुरू झालं. लाल छताखालचं मोठं पार्क, आणि त्याची ओळख म्हणजे फॉर्म्युला रोसा. ताशी २४० किलोमीटरचा वेग, तोही पाच सेकंदांच्या आत. कित्येक वर्षं तो जगातला सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होता. बसण्याआधी डोळ्यांना गॉगल लावायला देतात, कारण त्या वेगात वाळूचा बारीक कण डोळ्यात गेला तरी इजा होईल. हा कोस्टर इमारतीतून बाहेर उघड्यावर जातो, हेही लक्षात घ्या. कॉलेजातली मुलं बरोबर असती तर मी डोळे मिटून फेरारी सांगितलं असतं. लहानांसाठी तिथेही काही गोष्टी आहेत, पण तुमच्या सहा जणांपैकी चार जण तिथे बराच वेळ बाकावर बसून राहतील.

वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड २०१८ मध्ये उघडलं. सगळंच्या सगळं छताखाली, वातानुकूलित. आत सहा विभाग आहेत. मधला प्लाझा, बॅटमॅनचं गॉथम सिटी, सुपरमॅनचं मेट्रोपोलिस, टॉम-जेरी आणि बग्ज बनीचं कार्टून जंक्शन, फ्लिंटस्टोन्सचं बेडरॉक आणि रोडरनरचं डायनामाइट गल्च. तुमच्या मुलाला टॉम आणि जेरी ओळखीचे असतील, लेकीला सुपरहिरो, आणि आजोबांनीसुद्धा नातवंडांबरोबर बसून टॉमची फजिती पाहिलेली असेल. तिन्ही पिढ्यांना ओळखीचं काहीतरी सापडतं, म्हणून तुमच्यासाठी हेच.

सीवर्ल्डही तिथेच आहे, २०२३ पासून, आणि तेही बहुतांश छताखाली. मुलांना माशांचं फार वेड असेल तर तो विचार करता येईल. पण कार्टूनवाल्या ४ वर्षांच्या मुलासाठी मी वॉर्नरच निवडेन.

दिवस कुठला आणि कुठून निघायचं

यूएईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी सरकारी कार्यालयं दुपारपर्यंत, अशी पद्धत झाली. जुन्या माहितीत अजूनही 'शुक्रवार-शनिवार टाळा' असं लिहिलेलं सापडतं, त्यावर जाऊ नका. शुक्रवार दुपार ते रविवार टाळा. मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे तिथे राहणारी कुटुंबंही सुट्टीच्या दिवशी छताखालच्या जागांकडेच वळतात. मंगळवार किंवा बुधवार सगळ्यांत चांगला. सोमवारी मंदिर बंद असतं, म्हणून सोमवार पार्कला आणि मंदिर दुसऱ्या दिवशी, अशी अदलाबदलही छान बसते.

तिकिटं अजून काढली नसतील तर एक सुचवतो. मुंबईहून अबू धाबीला थेट विमानं आहेत, आणि यास बेट तिथल्या झायेद विमानतळापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. जाताना अबू धाबीला उतरा, पहिल्या दोन रात्री तिथेच राहा, मग दुबईला जा आणि परतीचं विमान दुबईहून घ्या. दुबईहून यास बेटावर जायला साधारण एक ते सव्वा तास लागतो, परतीला तेवढाच, आणि संध्याकाळच्या गर्दीत थोडा जास्त. हे अडीच-तीन तास गाडीत घालवण्यापेक्षा सासूबाईंना दुपारी हॉटेलच्या खोलीत पाय पसरून झोपता आलं, तर त्या संध्याकाळी नातवाबरोबर पुन्हा पार्कमध्ये येऊ शकतील. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी मशीद, आणि दुबईकडे जाताना वाटेवरच अबू मुरैखा इथलं बीएपीएसचं मंदिर, असं शांतपणे होतं. दोन्ही ठिकाणी आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि अंगभर कपडे घाला.

दुबईहूनच जायचं ठरलं तर खाजगी गाडी करा आणि ठरवतानाच लहान मुलाची सीट मागून घ्या. तिथल्या नियमानुसार ४ वर्षांपर्यंतच्या मुलाला वेगळी सीट लागते, आणि १० वर्षांखालच्या किंवा १४५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला पुढे बसवता येत नाही. आपल्याकडे मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसायची सवय असते. तिथे चालक गाडी हलवणारच नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

घड्याळ दीड तास मागे असतं, त्याचा उपयोग करा

या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही आणि मी दर टूरला ती आवर्जून सांगतो. तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे वेळ असते. मुलं पहिल्या दोन-तीन दिवसांत पहाटे साडेपाचलाच टक्क जागी होतात, कारण नाशिकमध्ये तेव्हा सात वाजलेले असतात. म्हणजेच तिथले साडेअकरा वाजले की मुलाच्या पोटात दुपारचा एक वाजलेला असतो. तो तेव्हा रडायला लागला तर तो हट्टी नाही, भुकेला आहे. आजोबांच्या दुपारच्या गोळीचंही तेच. गोळी घड्याळ बघून घ्यायची की जेवणाबरोबर, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा.

म्हणून दुपारचं जेवण साडेअकराला उरका. त्या वेळी तिथली उपाहारगृहं रिकामी असतात, खिडकीवर रांग नसते, सहा जणांना एकत्र टेबल मिळतं. दीड वाजता तिथले लोक जेवायला येतील तेव्हा राइडच्या रांगा जरा कमी होतात आणि तुमची पोटं भरलेली असतात. रात्रीचंही तसंच. आठ वाजता मुलाचे डोळे मिटायला लागतील, तेव्हा साडेसातच्या पुढे काही ठेवू नका.

आतल्या उजेडाची गंमत

एकदा मी कोल्हापूरच्या एका कुटुंबाबरोबर गॉथममध्ये शिरलो. तिथे छत काळं, रस्त्यावर दिव्यांचा पिवळट उजेड, सगळीकडे मध्यरात्रीचं वातावरण. बाबाच्या खांद्यावरच्या साडेतीन वर्षांच्या मुलीने आजूबाजूला पाहिलं, अंगठा तोंडात घातला आणि म्हणाली, "रात्र झाली. घरी चला." खरी वेळ सकाळचे सव्वाअकरा. तिला उचलून कार्टून जंक्शनमध्ये नेलं. तिथे वर निळं आकाश, पांढरे ढग, लख्ख दुपार. पाच मिनिटांत ती पुन्हा खाली उतरून धावायला लागली.

मोठ्यांच्या बाबतीत हेच उलट होतं. कार्टून जंक्शनमध्ये कायम दुपारच असते, म्हणून वेळ किती गेला कळत नाही. खिडकी नाही, ऊन उतरत नाही, घाम येत नाही म्हणून तहान लागत नाही. चार तास पाणी न पिता फिरलेली आजी मग एकदम गळून जाते आणि सगळ्यांना वाटतं की बीपी वाढलं. फोनवर दर ४५ मिनिटांनी गजर लावा. गजर वाजला की सगळ्यांनी बसायचं, पाणी प्यायचं, ज्यांना जायचंय त्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं. गजराची जबाबदारी लेकीकडे द्या. दहा वर्षांची मुलं हे काम फार मन लावून करतात.

दिवसाचा क्रम

पार्क उघडायच्या अर्धा तास आधी दारात हजर राहा. वेळा बदलत असतात, आदल्या रात्री अधिकृत ठिकाणी तपासा. तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं असू द्या. आत गेल्यावर बहुतेक सगळे जण पहिलं जे दिसेल तिथे फोटो काढत थांबतात. तुम्ही फोटो नंतर काढा. पहिला सव्वा तास सर्वांत मोलाचा, आणि तो मुलांच्या सर्वांत आवडत्या गोष्टीला द्या. तुमच्या बाबतीत माझ्या मते आधी कार्टून जंक्शन. टॉम-जेरीचा गिरक्या घेणारा कोस्टर लेकीसाठी, मेरी-गो-राउंड धाकट्यासाठी आणि आजी-आजोबांसाठीसुद्धा. स्कूबी-डूची अंधारातली सफर लेकीला नक्की आवडेल. धाकट्याला मात्र आधी विचारा, बाहेरूनच आवाज ऐकवा, आणि तो 'नको' म्हणाला तर नको. घाबरलेल्या मुलाला बळजबरीने एका अंधाऱ्या राइडमध्ये बसवलं की पुढचा अख्खा दिवस तो कशातच बसत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता मुलांच्या आई-बाबांना हात जोडून सांगतो.

जेवण झाल्यावर बेडरॉक आणि डायनामाइट गल्च. आजी-आजोबांनी त्या वेळी प्लाझामध्ये बसावं. तिथे दिवसभर छोटे कार्यक्रम चालू असतात, कार्टूनमधली पात्रं येऊन भेटतात, येणाजाणाऱ्यांची गंमत बघता येते. दोन वाजता एक मोठी विश्रांती. यासवरच राहत असाल तर हॉटेलवर जाऊन तासभर झोपून या, पण बाहेर पडण्याआधी परत प्रवेशासाठी काय करावं लागतं ते दारावर विचारून घ्या. दुबईहून आला असाल तर एखाद्या निवांत कोपऱ्यातल्या उपाहारगृहात चहा घेत बसा, मुलाला प्रॅममध्ये झोपू द्या. हो, ४ वर्षांच्या मुलालाही प्रॅम घ्याच. घरी तो चालतो, पण घरी तो सलग सात तास फरशीवर चालत नाही.

चारनंतर मेट्रोपोलिस आणि गॉथम. तोवर धाकटा ताजातवाना झालेला असतो आणि अंधाराचं तितकं वाटत नाही. लेकीच्या मोठ्या राइड्ससाठी तुम्ही दोघं आळीपाळीने तिच्याबरोबर जा. एक जण धाकट्याला घेऊन बाहेर थांबतो, मग अदलाबदल. काही ठिकाणी दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही, राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारा.

रांग टाळण्याचा महागडा पास मधल्या वारी घेऊ नका. आत जाऊन रांगा बघा, फारच वाटल्या तर तेव्हा घ्या.

उंची घरीच मोजा

प्रत्येक राइडच्या दारात उंचीची पट्टी असते आणि तिथे रदबदली चालत नाही. मुलीची उंची नाशिकमध्येच भिंतीला उभं करून, चप्पल काढून मोजा, आणि पार्कच्या अधिकृत यादीशी ताडून बघा. कशात बसता येणार नाही हे घरी कळलं तर ती एक दिवस रुसेल. अर्धा तास रांगेत उभं राहून दारात कळलं तर पार्कचा अख्खा दिवस रुसण्यात जाईल. धाकट्याला काय चालेल याची यादी वेगळी काढा आणि ती त्याला चित्रं दाखवून सांगा, म्हणजे 'माझं पण आहे' असं त्याला वाटतं.

आजोबांना कशात बसवायचं

बीपी, हृदयविकार, पाठीचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर वेगाच्या राइड्स नको, हे तिथे लिहिलेलंच असतं. ते आजोबांना पटतंही. घोटाळा होतो तो पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांच्या राइडमध्ये. वाटतं, नुसतं बसून सिनेमाच तर बघायचा आहे. पण डोळ्यांना आपण वेगाने उडतोय असं दिसतं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण जागेवरच आहोत. दोन्ही संदेश जुळत नाहीत, म्हणून मळमळतं, घाम फुटतो. पुण्याचे एक निवृत्त शिक्षक होते. खरा कोस्टर त्यांनी स्वतःहून टाळला, आणि अशा एका पडद्याच्या राइडमधून पांढरेफटक होऊन बाहेर आले. बसायचंच असेल तर पोट अगदी भरलेलं नको, आणि गरगरायला लागलं की डोळे घट्ट मिटून घ्यायचे. डोळे मिटले की अर्धा त्रास तिथेच थांबतो.

सासूबाईंसाठी व्हीलचेअर सकाळीच, दारातच घ्या. त्या 'मला काय झालंय' म्हणतील. त्यांना सांगा की ही खुर्ची आपल्या पिशव्या ठेवायला घेतली आहे, दमलात तर बसा. अकरा वाजेपर्यंत त्या स्वतःहून बसतात. दुपारी गुडघा सुजल्यावर खुर्ची शोधत फिरण्यात काही अर्थ नाही, तेव्हा ती शिल्लकही नसते.

कपड्यांचं. आजींना साडीच हवी असेल तर ठीक, पण राइडवर पदर आणि ओढणी मोकळी चालत नाही, चाकात अडकायची भीती असते. पंजाबी ड्रेस बरा, ओढणी पिन करून. चपला मागून पट्टा असलेल्या किंवा वापरून मऊ झालेले बूट, नवे कोरे अजिबात नको. आणि प्रत्येकाला एक स्वेटर किंवा शाल, आजींना मोजे. बाहेर ४२ अंश आणि आत एसी, या फरकाने गुडघे आखडतात. मी पार्कच्या सकाळी बसमध्ये प्रत्येक आजीला पिशवीतली शाल वर काढून दाखवायला लावतो. शाल सूटकेसमध्ये असून उपयोग नाही.

खाणं, आणि एक अत्यंत महत्त्वाची सूचना

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. तान्ह्या बाळाचं अन्न आणि औषधाला लागणारं खाणं याला सहसा हरकत नसते. शाकाहारी असाल तर पिझ्झा, पास्ता, बटाट्याचे प्रकार मिळतात. 'व्हेज' म्हणण्यापेक्षा 'मांस नको, मासा नको, अंडं नको' असं एकेक सांगा. सकाळी भरपेट नाश्ता करून निघा. संध्याकाळी डाळ-भातासाठी जीव कासावीस होणारच, तेव्हा यास मॉलमध्ये किंवा हॉटेलजवळ भारतीय जेवण कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

आता सूचना. यूएईत खसखस नेण्यावर बंदी आहे. ती तिथे अमली पदार्थांत मोजली जाते आणि थोडी सापडली तरी मोठी अडचण होते. आपल्या घरचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, अनारसे, डिंकाचे लाडू, कित्येकदा करंजीचं सारण, या सगळ्यांत खसखस असते. यातलं काहीही बरोबर नेऊ नका, तिथल्या नातेवाइकाने मागितलं तरी नको. तसंच कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी घेऊ नका. सासूबाई गुडघ्यासाठी कुठली गोळी घेतात ते डॉक्टरांना आजच विचारा. बाकी औषधं मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

हरवण्याबद्दल

काही वर्षांपूर्वी माझ्या गटातले एक आजोबा एका पार्कमध्ये स्वच्छतागृहात गेले आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले. फोन होता, पण तिथलं सिम नव्हतं. माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता, कागदावर नव्हता. चाळीस मिनिटं आम्ही त्यांना आणि ते आम्हाला शोधत होते. ते सापडले तेव्हा एका बाकावर बसून घाम पुसत होते, आणि एसीत माणसाला घाम येतो तो कशाने, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या खिशात इंग्रजीत नाव, हॉटेल आणि देशाच्या कोडसह दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतो. मुलाच्या मनगटावरही नंबर लिहा. सकाळी दारात सगळ्यांचा एक फोटो काढा, म्हणजे कोणी काय घातलंय ते कर्मचाऱ्यांना दाखवता येतं. आणि आत शिरल्याबरोबर प्लाझामधली एक जागा बोटाने दाखवून ठरवा: चुकलो तर इथे येऊन बसायचं, शोधत फिरायचं नाही. आजोबांकडून ती जागा एकदा वदवून घ्या.

तिकिटं काढण्याआधी मुलीची उंची, सासऱ्यांच्या औषधांची नावं आणि तुमच्या प्रवासाच्या तारखा इथेच लिहा. तारखा पाहून मधला कुठला वार चांगला आणि मंदिर कुठल्या दिवशी बसेल, ते मी सांगतो.